बाग आजारी नाही भावा, तिला अजीर्ण झालंय

प्रश्न आधी थोडक्यात सांगतो म्हणजे बाकीच्यांनाही कळू दे. कोल्हापुरातल्या फुलेवाडीच्या एका पोरानं विचारलंय की काका, मृगाला टेरेसवर बावीस कुंड्या आणि ग्रो बॅगा मांडल्या, साडेचार हजार गेले, निम्मं कोकोपीट आणि निम्मं गांडूळ खत असं भरलं, दर चार दिवसाला एक बादली जीवामृत घालतोय, मध्ये निंबोळी पेंड पण टाकली, कुंडीत वर पांढरट पापुद्रा धरलाय. झाडं आधी मस्त हिरवीगार झाली आणि आता ऑगस्टमध्ये चवळीवर मावा (रस शोषणारी बारीक कीड) भरलाय, मिरचीचा बोकड्या झालाय म्हणजे पानं वळून आकसलीत, टोमॅटो खालनं पिवळा पडतोय, दोडक्याला फुलं येतात पण दोडका धरत नाही, आणि कंपोस्टच्या बादलीला असा वास मारतोय की शेजारच्या वहिनी बोलायच्या बंद झाल्यात. तर आता कुठलं सेंद्रिय औषध मारू, मामाच्या चिखलीच्या रानातनं मळीची (नदीकाठच्या गाळाची) माती आणू का, आणि तळ्यातलं केंदाळ म्हणजे जलपर्णी फुकट मिळतेय ते कंपोस्टला चालेल का.

भावा, पहिलं काम, पुढचे पंधरा दिवस काही मारू नकोस आणि काही घालू पण नकोस. बागेला रोग झालेला नाही, अजीर्ण झालंय. लग्नाच्या पंगतीत पाहुण्याला आग्रह करकरून जिलेबी वाढतात तसं तू वाढालायस आणि वरनं पाऊस पाणी पाजतोय, मग पोट बिघडणारच की.

जीवामृताचाच हिशोब बघ. नैसर्गिक शेतीवाल्या सुभाष पाळेकरांचं मूळ माप २०० लिटर पाण्याला १० किलो शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती असं आहे आणि ते २०० लिटर एका एकराला आहे. एकर म्हणजे ४० गुंठे, ४३,५६० चौरस फूट. तुझ्या बावीस कुंड्यांची तोंडं सगळी मिळून ३० चौरस फूट धरली तर वाट्याला येतं दीडशे मिलीपण नाही, आणि तू दर चार दिवसाला बादली ओततोस! कुंडीत मुळं दाटीनं असतात, रानाचा हिशोब जसाच्या तसा लावायचा नसतो हे मलाही मान्य आहे, म्हणून मी एक भाग जीवामृत दहा भाग पाण्यात करून कुंडीला एक मग घालतो, ते पण वीस-पंचवीस दिवसातनं एकदा आणि पावसाच्या उघडिपीतच. जीवामृत हे खत नव्हेच, ते विरजण आहे. विरजण चमचाभर लागतंय, पातेलंभर ओतून दही जास्त चांगलं होत नाही. तुझ्या कुंडीत वर पांढरट पापुद्रा आलाय म्हणालास ना, ती बेसन-गुळाची साय आहे, तिच्यामुळं खाली हवा जाईना झालीय. काट्यानं हलकं उकरून टाक.

आता मावा का आला ते. नत्र (नायट्रोजन) जास्त झालं की झाड भराभर कोवळं वाढतं, साल पातळ राहते, रसात अमिनो आम्लं वाढतात आणि माव्याला नेमकं हेच पाहिजे असतंय. माव्याची मादी नराशिवाय पिल्लं घालते, अंडीबिंडी नाही, थेट जिवंत पिल्लं, आणि ते पिल्लू आठ-दहा दिवसात स्वतः व्यायला तयार. त्यामुळं तुला वाटतंय एका रात्रीत भरला, पण ते आमंत्रण तू जुलैतच दिलेलंस. गांडूळ खत निम्मं, वर पेंड, वर जीवामृत. सेंद्रिय आहे म्हणून कितीही घातलं तर चालतंय हा लई मोठा गैरसमज आहे, शेणातलं नत्र आणि युरियातलं नत्र मुळाशी गेल्यावर झाडाला सारखंच, फरक आहे तो मातीला आणि नदीला. कुंडीच्या भोकातनं जो तपकिरी चहा पावसात वाहून जातोय तो गटारीतनं कुठं जातोय ते सांगायला नको, शेवटी पंचगंगेतच. मग तिथं केंदाळ माजतंय आणि आपण ते फुकट मिळतंय म्हणून परत घरी आणायचं म्हणतोय, म्हणजे आपलंच खत फिरून आपल्याकडं! (केंदाळाचं पुढं सांगतो.)

कोकोपीट वाईट नाही. मार्च-एप्रिलमध्ये टेरेसवर फरशी तापते तेव्हा कोकोपीट देवासारखं आहे कारण ते स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट पाणी धरून ठेवतं. पण आपल्या पावसाळ्यात हाच गुण अंगलट येतो. गगनबावड्याला कोसळतो तेवढा शहरात नसतो हे खरं, तरी जुलैत सलग आठ-दहा दिवस ऊनच दिसत नाही, वर निम्मं कोकोपीट म्हणजे झाड ओल्या स्पंजात पाय घालून उभं. माझा एक घरगुती नियम आहे, लोक हसतात पण मला उपयोगी पडलाय. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट हे कोल्हापुरात शाळेतल्या पोरालाही पाठ असतं. तर नदी ३९ ला टेकली की मी कुंड्यांना खतपाणी पूर्ण बंद करतो आणि फक्त भोकं तुंबलीत का तेवढं बघतो. तेवढा पाऊस चालू असताना घातलेलं काहीही झाडाच्या तोंडी लागत नाही.

तू आता असं कर, टोमॅटोची जी कुंडी सगळ्यात वाईट दिसतेय ती आडवी पाडून आतला गड्डा अलगद बाहेर काढ. मुळं पांढरी-क्रीम रंगाची आणि मातीला पावसाचा वास असेल तर ठीक. मुळं तपकिरी, चिमटीत धरली की साल मोज्यासारखी निघून आत दोरा राहतोय आणि वास आंबूस, तर मुळं गुदमरलीत, पिवळेपणा त्याचाच. पानांवर मात्र बांगडीसारखी एकात एक गोल वलयं दिसली तर तो करपा, मग खालची पानं कात्रीनं काढून टाक, जमिनीपासून वीतभर खोड मोकळं ठेव म्हणजे पावसाचे शिंतोडे पानावर उडणार नाहीत. ती काढलेली पानं कंपोस्टमध्ये नको.

गड्डे काढलेसच तर नवीन मिश्रण भर, आणि इथं तुझ्या मामाची माती कामाला येते. मळीची माती सोन्यासारखी आहे पण तिचे कण बारीक, नुसती कुंडीत भरलीस तर दोन पावसात वीट होते. मी अंदाजानं चार घमेली माती, तीन घमेली पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट आणि तीन घमेली मोकळं करणारं काहीतरी घेतो, म्हणजे अर्धवट कुजलेलं पाचट (उसाचा वाळका पाला), पालापाचोळा, भाताचं तूस, तुझ्याकडं आहे ते कोकोपीट पण ह्या तीनात मोजायचं. तळाला विटांचे तुकडे घालायची पद्धत मी सोडून दिली, त्यानं निचरा वाढत नाही, उलट माती भरायची जागा जाते, त्यापेक्षा बुडाला चार भोकं पाड आणि कुंडी दोन फरशीच्या तुकड्यांवर उचलून ठेव. वजनाचं मात्र बघ हं, ओल्या मातीचा एक घनफूट सहज ४५-५० किलो भरतो, बावीस कुंड्या स्लॅबच्या मधोमध न ठेवता बीमच्या आणि भिंतीच्या कडेनं लाव.

आणि चिखली पुराच्या पट्ट्यातलं गाव. २०१९ ला आणि २०२१ ला काय झालं ते तुझ्या मामालाच विचार. पूर येऊन गेलेला ताजा गाळ लगेच कुंडीत भरू नये, त्यात कुणाचं काय वाहून आलेलं असतंय ते कळत नाही. रानात तीन-चार महिने उन्हात पडू दे, एकदा नांगरट होऊ दे, मग आण. कोथिंबीर, मेथीसारखं कच्चं किंवा जवळपास कच्चं खायचं असेल तर हे पाळच.

एक गोष्ट तू विचारली नाहीस तरी सांगतो कारण बरेच जण करतात. पन्हाळ्याकडं, मसाई पठारावर नाहीतर दाजीपूरला फिरायला गेलं की डिकीत दोन पोती जंगलातली काळी कुजकी माती घालून आणायची. ते करू नकोस. दाजीपूर ज्यात येतं ते राधानगरी अभयारण्य २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात आहे आणि अभयारण्यातनं माती पाला काहीही उचलणं कायद्यानं गुन्हा आहे, पण कायदा बाजूला ठेव, ती वरची चार बोटं माती व्हायला शेकडो वर्षं लागतात आणि तिच्यात तिथल्या गवताफुलांचं बी असतंय. पठारावर तर कातळावर जेमतेम वीतभर थर असतो. तुझ्या टेरेसवर आणून ती सहा महिन्यात मरते. त्यापेक्षा कॉलनीत शिरीषाचा पाला पडतो तो पोत्यात भरून ठेव, बारीक पान असतंय, पटकन कुजतं, पुढच्या पावसाळ्यापर्यंत तीच काळी माती घरात तयार. आंब्याचं पान चिवट, वेळ घेतं. निलगिरीचा पाला नको.

आता मावा घालवायचं. इथं माझी चूक सांगतो. पंधराएक वर्षांपूर्वी माझ्या परड्यात वालावर असाच मावा होता आणि त्याच्यामध्ये काळ्या-करड्या, अंगावर केशरी ठिपके असलेल्या, मगरीच्या पिल्लासारख्या दिसणाऱ्या अळ्या फिरत होत्या. मला वाटलं ह्याच पानं खाताहेत, लई राग आला, एकेक वेचून चपलेखाली चिरडल्या, उरलेल्यांवर नीम तेल दुप्पट करून मारलं. दोन आठवड्यात वाल संपला. नंतर एका शेतीवाल्या मित्रानं बघितलं आणि कपाळाला हात लावला, अरे त्या ढालकिड्याच्या अळ्या, लेडीबर्डच्या, एकेक अळी दिवसाला कितीतरी मावा खाते. आपण पोलिसच मारले आणि चोर मोकळे सोडले. तेव्हापासनं मी औषध हातात घ्यायच्या आधी पाच मिनिटं भिंग घेऊन नुसता बसतो. तू पण बस. मावा फुगून सोनेरी-तपकिरी, कागदासारखा कडक झालेला दिसला तर त्याच्यात बारीक गांधीलमाशीनं अंडं घातलंय, तो मावा मेलाय, आतनं अजून एक शिकारी बाहेर येणार आहे. पानावर हिरवट, पाय नसलेली जळूसारखी अळी दिसली तर ती सिरफिड माशीची, ती पण आपलीच.

आणि मुंग्या बघ. खोडावर मुंग्यांची रांग असेल तर त्या माव्याचा गोड चिकटा खातात आणि बदल्यात ढालकिड्याला हाकलतात, अगदी गवळी म्हशी राखतो तसं. कुंडी पाण्याच्या थाळीत विटेवर ठेवली की रांग तुटते (थाळीत डास होऊ देऊ नकोस, दोन दिवसाला पाणी बदल). मग सकाळी पाण्याच्या पाइपला बोट लावून जोरात फवारा, पानाच्या खालनं. तीन दिवस ओळीनं. चवळीचे शेंडे फारच भरले असतील तर खुडून टाक, चवळी परत फुटते. ह्यातनंच तुझं ऐंशी टक्के काम होईल.

तरी नाही हटला तर नीम तेल लिटरला ५ मिली आणि साधा पातळ साबण १-२ मिली, आधी साबण कोमट पाण्यात, मग तेल, फेसाळ दुधासारखं झालं पाहिजे, तेल वर तरंगत असेल तर मारू नकोस पानं भाजतात. नाहीतर निंबोळी अर्क, ५० ग्रॅम निंबोळी कुटून फडक्यात बांधून रात्रभर लिटरभर पाण्यात, सकाळी पिळून गाळून घे आणि ठेवायचं नाही, त्याच दिवशी संपव. दोन्ही ऊन उतरल्यावर, कारण निंबातलं जे काम करणारं द्रव्य आहे ते उन्हात लवकर नासतं. भांडी घासायचं कडक लिक्विड वापरू नकोस, त्यानं पानावरचा मेणाचा थर पण जातो.

तंबाखूच्या काढ्याचं तुला कुणीतरी सांगणारच आहे. निपाणी हाताच्या अंतरावर, आपल्याकडं तंबाखूला काय तोटा, जुनी माणसं सर्रास मारायची. नको. निकोटिन हे वीषच आहे, झाडातनं आलं म्हणून सौम्य होत नाही, कातडीतनं अंगात भिनतं, मधमाशी मरते, आणि तंबाखूतला मोझॅक व्हायरस हातातनं टोमॅटो-मिरचीला लागतो. तंबाखू मळून हात न धुता रोपं लावणाऱ्या एकाची मिरची दरवर्षी जाते, ते माझे सख्खे चुलते आहेत, सांगून थकलो.

मिरचीचं जरा सांभाळून. बोकड्या म्हणजे एक रोग नव्हे, तीन वेगवेगळी कारणं एका नावाखाली आहेत. पान वरच्या बाजूला वळून होडी झाली असेल तर फुलकिडे, कोवळा शेंडा पांढऱ्या कागदावर झटक, बारीक पिवळसर काड्या पळताना दिसतील. पान खालच्या बाजूला वळून उलटी होडी, देठ लांब झालेला, तर कोळी (माइट नावाची अगदी बारीक कीड), तो नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. फुलकिड्याला निळं चिकट कार्ड आणि वरचं निंबाचं. कोळ्याला पाण्यात मिसळणारं गंधक लिटरला २ ग्रॅम, पण कडक उन्हात नाही आणि नीम तेल मारल्यापासनं दोन आठवडे तरी नाही, दोन्ही एकत्र आलं की पानं करपतात. तिसरं कारण म्हणजे पांढऱ्या माशीनं आणलेला व्हायरस, पानं बारीक, चुरगळलेली, झाड बसकं, नवीन फुटवा पण तसाच. त्याला जगात औषध नाही, सेंद्रिय नाही आणि रासायनिक पण नाही. उपट, पिशवीत घाल, बाहेर. लोकांचा जीव होत नाही, महिनाभर ताक शिंपत बसतात आणि तेवढ्यात बाकीच्या सगळ्या झाडांना लागण. तू बी कुठलं आणलंस ते सांगितलं नाहीस, पुढच्या वेळी जवारी लाव, गडहिंग्लजकडची संकेश्वरी मिळाली तर बघ. उत्पन्न हायब्रीडएवढं नाही येत पण बी आपलं आपल्याला धरता येतं, आणि चव काय सांगायची.

दोडक्याचं सोपं आहे. दोडक्याची फुलं संध्याकाळी उमलतात, लाल भोपळ्यासारखी पहाटे नाही. तू सकाळी उठून बघतोस तेव्हा कार्यक्रम संपलेला असतो. त्यात तिसऱ्या मजल्यावर, पावसात, संध्याकाळी कोण येणार परागीभवन करायला? सहा-सात वाजता जा, ज्या फुलाच्या मागं काडीएवढा दोडका आहे ती मादी, नुसता देठ आहे तो नर. नर तोडून पाकळ्या मागं वळव आणि मादीच्या मधोमध हलकं फिरव. एक नर दोन-तीन माद्यांना पुरतो. आणि नत्र जास्त झाल्यामुळं पण वेल नुसता पसरतो, नर फुलंच लावतो, ते खत बंद केलंस की तीन आठवड्यात फरक दिसेल. दोडक्यावर संध्याकाळी फवारणी अजिबात नको, बाकी सगळ्याला संध्याकाळ सांगितली तरी दोडका आणि दुधी सोडून, त्यांना मारायचंच झालं तर भल्या सकाळी.

कंपोस्ट. झाकणाच्या बादलीत रोजचं ओलं टाकून झाकण गच्च लावायचं ह्याला कंपोस्ट म्हणत नाहीत, सडवणं म्हणतात. आधी वास ओळख. कुजक्या अंड्यासारखा असेल तर आत हवा नाही, पाणी जास्त. नाकात झोंबणारा, मुतारीसारखा असेल तर ओलं म्हणजे नत्र जास्त आणि सुकं कमी. तुझं मला वाटतंय दोन्ही आहे. सूक्ष्मजीवांना कार्बन आणि नत्र २५-३० ला १ ह्या मापानं लागतं आणि भाजीचे देठ, चहापत्ती, शिळा भात ह्यात नत्र आणि पाणीच जास्त, म्हणून घमेलंभर ओल्याला दोन-तीन घमेली सुकं हे डोळ्यानं धरायचं. आता ऑगस्टमध्ये सुकं कुठनं आणणार हा खरा प्रश्न आहे. मी फेब्रुवारीतच पाला आणि पाचट पोत्यात भरून जिन्याखाली ठेवतो, हेक्टरी आठ-दहा टन पाचट निघतं उसाला आणि निम्मे लोक ते पेटवून देतात, कोल्हापुरात राहून कोकोपीट विकत आणणं मला म्हणूनच खटकतं. ह्या वर्षी तुझी वेळ गेली, तर लक्ष्मीपुरीत दुकानदार खोकी फेकून देतात ती आण, टेप काढून टाक, हातानं फाड, तळहाताएवढे तुकडे. सुताराकडचा भुसा चालतो पण प्लायवुडचा नको. नाहीतर रसाच्या गाड्यावरचं चिपाड, वाळवून कोयत्यानं तोडून.

सगळी बादली एका पोत्यावर उपडी कर (वहिनी बाजारात गेल्या असतील तेव्हा), त्यात दुप्पट-तिप्पट सुकं कालव, मूठभर जुनं कंपोस्ट नाहीतर मामाकडची माती टाक, बादलीला बुडाला आणि बाजूनं पेन्सिलीएवढी वीस-पंचवीस भोकं पाड, तळाला चार बोटं सुकं, मग हे. रोज ओलं टाकलं की त्यावर सुक्याची चादर, एक पण साल उघडी दिसली नाही पाहिजे, आणि चार दिवसाला काठीनं ढवळ. मुठीत दाबून बघायचं, एक-दोन थेंब आले तर बरोबर, धार लागली तर सुकं घाल. दोन दिवसात वास थांबतो, हे मी खात्रीनं सांगतो. तांबड्या रश्श्याचा कट आणि हाडं त्यात घालू नकोस, मला कळतंय आपल्या घरात तेच जास्त उरतंय.

तपकिरी चपट्या अळ्या दिसल्या तर किंचाळू नका, ब्लॅक सोल्जर फ्लायच्या असतात, ओला कचरा झपाट्यानं संपवतात, त्यांची माशी अन्नावर बसत नाही आणि चावत नाही. फार झाल्या म्हणजे ओलं जास्त आहे एवढाच अर्थ.

केंदाळाचं मी स्वतः करून बघितलंय. ते नव्वद टक्क्यांच्या वर पाणीच असतं, एक हातगाडी भरून आणलं, दोन आठवड्यात चिखलाचा गोळा झाला आणि खाली घमेलंभर पण उरलं नाही. करायचंच तर दोन-तीन दिवस उन्हात सुकवून, मुळं कापून टाकून, सुक्यात मिसळून. पण खरी अडचण वेगळी आहे. केंदाळ पाण्यातली जड धातूंसारखी घाण मुळात शोषून धरतं, त्याचा गुणच तो आहे, म्हणून ज्या पाण्यात सांडपाणी नाहीतर कारखान्याचं पाणी येतं तिथलं केंदाळ भाजीच्या कुंडीत नको. फुलझाडांना, रस्त्याकडेच्या झाडांना खुशाल घाल. आणि जांभळी फुलं येऊन गेलेलं आणू नकोस, बी वर्षानुवर्षं जिवंत राहतं. तुझी कुंडी धुतलेलं पाणी गटारीतनं जाऊन कुठं रुजेल सांगता येत नाही.

गणपती जवळ आलेत, निर्माल्य भरपूर निघेल, ते नदीत न सोडता घरी जिरव. दोरे, प्लॅस्टिकची फुलं, चमकी काढून टाक. बाजारातल्या झेंडू-शेवंतीवर फवारण्या झालेल्या असतात, थेट गांडुळांच्या डब्यात घातलीस तर गांडुळं डब्याबाहेर पळतात, म्हणून आधी ह्या कंपोस्टच्या बादलीत महिना-दीड महिना कुजू दे. झेंडूची दोन फुलं मात्र बाजूला वाळव, दसऱ्यानंतर टोमॅटोच्या कडेनं लाव, मुळात शिरणाऱ्या सूत्रकृमींवर (बारीक जंतांवर) चांगला उपाय.

नवीन काही लावायची घाई आत्ता नको. पोकळा आणि अळू सोडलं तर पावसात टेरेसवर काही सुखानं येत नाही. आपल्याकडची खरी बाग दसरा ते होळी. मेथी, चाकवत, कोथिंबीर, वांगं, टोमॅटो सगळं तेव्हा. गणपती गेले की रोपं टाक.

शेवटचं, गड्डा काढशील तेव्हा आत पांढरी, इंग्रजी सी सारखी वेटोळं घातलेली जाड अळी सापडते का बघ. अर्धकच्च्या शेणखतातनं आणि रानातल्या मातीतनं हुमणी येते, ऊसवाल्यांना विचार ती काय चीज आहे, कुंडीतलं झाड आठवड्यात मुळासकट संपवते. पण सगळ्याच पांढऱ्या अळ्या हुमणी नसतात, काही नुसतं कुजलेलं खातात आणि उलट खत करून देतात. ओळखायला अळी फरशीवर ठेव. पाठीवर उताणी पडून सरकत गेली तर ती खत खाणारी, उचलून कंपोस्टच्या बादलीत सोड. पायांवर किंवा कुशीवर वळवळत राहिली तर साबणाच्या पाण्यात टाक, आणि मग बाकीच्या एकवीस कुंड्या पण उकराव्या लागतील.